माणिकबाईच्या कमरेची किल्ली

माणिकबाई वानखडे कोणाले भेत नाही ते विचारा, म्हणजे लवकर सांगून होईन. साहेबाले भेते, साहेबाच्या ड्रायव्हरले भेते, टपाल आणणाऱ्या माणसाले भेते, की ह्याच्या पिशवीत आपल्याच नावाचं काही असन. फोन वाजला की आधी छातीवर हात ठेवते, मंग फोन पाहाते. मी तिले किती डाव म्हटलं, "बाई, तू शिपाई हायेस, चोर नाही." तं म्हणे, "ताई, चोराले जामीन तरी भेटते."

मी रागिणी तायडे, त्याच हापिसात वरिष्ठ लिपिक. हापिस अकोल्यातलं, सरकारी. कोणतं ते सांगत नाही, सांगतलं तं उद्या माह्या नावानं नोटीस निघन. भेव मलेही हाये. फक्त माहं तोंड मोठं असल्यामुळं ते कोणाले दिसत नाही.

माणिकबाईचं भेव फुकटचं नव्हतं. तिचा नवरा आमच्याच हापिसात चौकीदार होता, नोकरीत असतानाच वारला. त्याच्या जागी अनुकंपावर तिचं नाव लागेपर्यंत तिची पोट्टी प्रणाली पहिलीतून दहावीत गेली. तवरोक माणिकबाईनं इथंच जठारपेठेत लोकाईची भांडी घासली, एका मेसमध्ये पोळ्या लाटल्या. नोकरी लागली तेही परिविक्षेवर. परिविक्षा म्हणजे सरकार तुम्हाले घरात घेते, पण तुमच्या मागचं दार उघडंच ठेवते. साहेबानं शिफारस केली तं कायमचा आदेश, नाही तं चाला आपल्या घरी. त्या आदेशाची वाट ते आजही पाहून राह्यली. प्रणाली आता नर्सिंगले हाये, अन् तिचं सारं शिक्षण आईच्या या नोकरीवर.

हापिस उघडणं अन् लावणं हे माणिकबाईचं काम. मोठ्या दाराची किल्ली तिच्या कमरेले. दुसरी किल्ली कोण्या साहेबाच्या बदलीत हरवली ते सापडलीच नाही, अन् नवीन कुलूप घ्यायचं तं मंजुरी लागते, म्हणून एकाच किल्लीवर चालून राह्यलं होतं. हे काम तिले शिकवलं पंजाबरावनं. पंजाबराव बाळापूरचे, आमच्या हापिसातले जुने शिपाई. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण हापिसात चक्कर मारल्याशिवाय त्यायले अन्न गोड लागत नाही. आम्ही त्यायले बाबा म्हणतो. माणिकबाई रुजू झाली त्या हप्त्यात बाबा रोज आले, अन् तिले सांगून गेले, "सांजच्याले हरेक खोलीत जायचं, कोणी हाये का म्हणून आवाज द्याचा, मंगच कुलूप. कुलपाच्या आत मानूस राह्यला तं त्याचाबी गुन्हा अन् तुहाबी गुन्हा." माणिकबाईले गुन्हा हा शब्द पुरेसा होता. तिनं एक दिवसही चक्कर चुकवली नाही. सांजच्याले तिचा आवाज असा घुमे की आमच्यातले कामचुकार आधीच पिशव्या उचलून तयार राहात.

अन् मंग यंदा सुधारित वेतन आलं. सुधारलं कोणाचं ते ज्याचं त्याले माहीत. वरच्याईले बरं आलं, आमच्यासारख्या मधल्याईवर शिंतोडे उडाले, अन् शिपाई-चौकीदाराईच्या वाट्याले जे आलं त्यात प्रणालीचा एसटीचा पासही निघत नव्हता. पेन्शनवाल्याईले तं सरळ सांगतलं, तुमचं मागाहून पाहू. पंजाबबाबा म्हणे, "मागाहून म्हंजे आमी गेल्यावर." हसले सारे.

संप ठरला. पहिल्याच दिवशी अमरावतीले मोर्चा, अकोल्याहून गाड्या करून जायचं, अन् मागं हापिसाले कुलूप. फाटकावर चार-दोन जण बसून राहतीन, कोणाले उघडू देणार नाहीत.

आदल्या दिवशी दुपारी साहेबानं माणिकबाईले आत बोलावलं. साहेब नवे, सांगलीकडचे, वयानं पोट्टंच म्हणा. वाईट माणूस नाही. पण खुर्ची नवी असली की माणूस तिच्यावर टेकून बसत नाही, तसे ते. म्हणाले, "माणिकबाई, तुम्ही परिविक्षेवर आहात. संपात दिसलात तर मला शिफारस करता येणार नाही. उद्या सकाळी ऑफिस उघडं पाहिजे."

माणिकबाई बाहेर आली तं पॅसेजमध्ये खुशालराव. खुशालराव आमच्या संघटनेचे अध्यक्ष, आवाज भारी, मिशा त्याहून भारी. "माणिकबाई, हापिस उघडलं तं संप कायचा? तुह्या अनुकंपासाठी मंत्रालयाच्या पायऱ्या कोणं झिजवल्या होत्या?" तेही खरंच होतं. त्यायनंच झिजवल्या होत्या. इकडे आड अन् तिकडे विहीर, अन् मधात हे बाई, पदराचं टोक तोंडात धरून.

सांजच्याले साहेब कलेक्टर हापिसात मीटिंगले गेले. जाताना माणिकबाईले म्हणाले, "मी येईपर्यंत थांबा. किल्ली मी घेणार आहे." त्यायची गाडी फाटकाबाहेर पडली, तसं खुशालराव म्हणाले, "आत्ताच लाव कुलूप अन् निघ." आम्ही सारे फाटकात उभं राहून तिले चाल-चाल करून राह्यलो होतो. माणिकबाई दाराशी नुसती उभी होती. मंग एकाएकी तिनं मेन स्विच पाडलं, दार ओढलं, कुलूप घातलं अन् अशी धावत आली की जशी हापिसाले आग लागली. मी रस्त्यात विचारलं, "हिंमत कशी काय केली वो?" म्हणे, "कायची हिंमत ताई. साहेबाच्या हातात किल्ली देताना माहा हात कापला असता. त्याच्यापेक्षा पळणं सोपं वाटलं."

त्या सांजच्याले तिनं खोल्याईत चक्कर मारली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी भरून आम्ही अमरावतीच्या रस्त्याले लागलो. घोषणा देऊन देऊन घसा बसला. माणिकबाई खिडकीशी, माह्या बाजूले, अन् तिच्या पिशवीत फोन वाजून राह्यला. साहेबाचा. बंद झाला की पुन्हा. ते पिशवी दोन्ही हातानं दाबून धरे, जसं आत काही जितं हाये. मी म्हटलं, "बंद कर न तो." म्हणे, "बंद केला तं साहेब म्हणतीन मुद्दाम बंद केला."

मूर्तिजापूरले चहासाठी गाडी थांबली. खुशालराव पेन्शनवाल्याईकडे पाहून म्हणाले, "पंजाबराव कावून दिसून नाही राह्यले? ते तं म्हणत होते मी सगळ्याईच्या पुढं बसतो." कोणी म्हटलं, म्हातारा माणूस, झोपला असन. खुशालरावनं बाबाचा फोन लावला, बंद. बाळापूरले सुनेले लावला. ते म्हणे, "मामंजी तं कालच निघाले. जठारपेठेत भाचीकडे झोपतो अन् सकाळी तिकूनच गाडीत बसतो म्हणाले." भाचीले लावला. भाची म्हणे, "मामा? मामा इकडे आलेच नाहीत."

माह्या बाजूले माणिकबाईनं चहाचा ग्लास बाकड्यावर ठेवला. ठेवला म्हणजे सोडून देला, तो आडवा झाला अन् चहा तिच्या लुगड्यावर सांडला. तिचं लक्षच नव्हतं.

"ताई," ते म्हणाली, "बाबा काल दुपारून आल्ते. ऊन लय होतं. म्हणे डोस्कं दुखून राह्यलं. मी त्यायले रेकॉर्डच्या खोलीत पंख्याखाली चटई टाकून देली."

"मंग? गेले असतीन न ते."

"मले नाही माहीत ताई. मी पाह्यलं नाही. मी आवाज देला नाही."

ते खोली मले माहीत होती. मागच्या अंगाले, वरून पत्रे, कपाटं अन् गठ्ठे, अन् वर एक हाताएवढं जाळीचं भोक. मेन स्विच पाडलं म्हणजे पंखाही गेला. पाण्याचा माठ बाहेर व्हरांड्यात. अन् दिवस एप्रिलचे. अकोल्याचा एप्रिल काय असते ते पुण्याच्या माणसाले सांगून समजत नाही.

मी कुंदनले फोन लावला. कुंदन आमच्यातला कनिष्ठ लिपिक, फाटकावर बसला होता. म्हटलं, मागं जा, रेकॉर्डच्या खोलीची भिंत ठोक, बाबाले हाका मार. तो गेला. मी फोन कानाले लावून उभी. त्याच्या हाका मले ऐकू येत होत्या, भिंतीवर दगड मारल्याचा आवाजही येत होता. मंग तो म्हणाला, "ताई, काही नाही. आतून हूं की चूं नाही."

आता याचे अर्थ दोन होते, बाबा आत नाहीत, नाही तं बाबा आत हायेत अन् बोलू शकत नाहीत. माणिकबाईनं दुसराच धरला.

खुशालराव म्हणाले, "हे पाहा, म्हातारा कोण्या नातलगाकडे बसला असन. तुमी हापिस उघडलं अन् तो निघाला नाही, तं सारा विभाग म्हणन, अकोल्याचं कुलूप पहिल्याच दिवशी उघडलं. कोणाले सांगत बसू मी?" मी त्यायच्या मिशाकडे पाह्यलं. त्या मिशाखाली माणूस घाबरला होता, मले साफ दिसलं.

अन् त्याच वेळी पिशवीत फोन वाजला. माणिकबाईनं माह्याकडे पाह्यलं, खुशालरावकडे पाह्यलं, अन् फोन काढून कानाले लावला. मी तिले साहेबाशी बसून बोलताना कधी पाह्यलं नव्हतं, फोनवरही ते उभी राहते. ते उभी राह्यली.

"साहेब, कुलूप तोडा," ते म्हणाली. "आत पंजाबबाबा हायेत. माह्या हातून कोंडले गेले."

पलीकडून साहेबाचा आवाज मले ऐकू येत होता. कोण पंजाबबाबा, कधी कोंडले, हा तुमच्या संघटनेचा डाव तर नाही ना, मंग म्हणाले, "शासकीय कुलूप असं तोडता येत नाही. पंचनामा लागतो. मी वर विचारतो."

माणिकबाईनं फोन ठेवला, कमरेची किल्ली चाचपली अन् रस्त्याकडे चालाले लागली. मी तिच्या मागं. खुशालराव मागून काही तरी म्हणाले, मी ऐकलं नाही. ऐकलं असतं तं जे बोलली असती ते पुरुषाच्या तोंडात शोभते.

अकोल्याले जाणारी काळी-पिवळी जीप भेटली. मधल्या सीटवर दोघी दाटून बसलो. मूर्तिजापूर ते अकोला हा रस्ता माह्या पायाखालचा, पण त्या दिवशी तो संपता संपत नव्हता. ड्रायव्हर दर फाट्यावर थांबे, सीट भरे, पुडी फोडे. मी एकदा त्याच्यावर वसकली. तो म्हणे, "मॅडम, तुमचं घर जळून राह्यलं काय?" माणिकबाई म्हणाली, "हो दादा." तो जो गप्प झाला तो बोरगाव मंजूपर्यंत थांबलाच नाही.

माणिकबाई मधीच विचारे, "ताई, माणूस मेला तं मले जेलात टाकतीन का वो?" मी म्हणे, "गप बैस." मंग उलीशा वेळानं, "प्रणालीची फी कोण भरन?" मी म्हणे, "गप बैस म्हटलं न." मले राग तिचा नव्हता. माहे स्वतःचे हात थंडगार झाले होते, अन् बाहेर गरम वाऱ्याची लू चालू होती. मी साहेबाले एक फोन लावला. म्हणाले, "वर कळवलंय. अजून उत्तर नाही." मी म्हटलं, "साहेब, माणूस मेल्यावर उत्तर आलं तं कोणत्या फाईलीत लावसान?" फोन त्यायनं ठेवला नाही, मीच ठेवला.

हापिसापाशी उतरलो तं साहेब बंद दारासमोर उभे, कपाळावर घाम, कानाले फोन. कुंदन अन् बाकीचे त्यायच्याभोवती. एकाच्या हातात दगडही होता, पण कुलपाले कोणीच हात लावला नव्हता. संपवाल्याईले भेव की आपणच संप फोडला असं होईन, साहेबाले भेव की आपण सरकारी कुलूप फोडलं असं होईन. इतकी मोठी माणसं अन् एक एवढंसं कुलूप.

माणिकबाईनं किल्ली घातली. दार उघडल्याबरोबर आतली गरम हवा तोंडावर आली. ते "बाबा, बाबा" करत मागं धावली, मी तिच्या मागं. रेकॉर्डच्या खोलीत अंधार. चटईवर कोणी नव्हतं. माणिकबाई चटईच चाचपत राह्यली. मंग मीच मोबाईलची बत्ती लावली अन् कपाटाच्या मागं पाह्यलं.

बाबा तिथं बसले होते. गठ्ठ्याईच्या मधात, भिंतीले पाठ लावून, टोपी मांडीवर, चपला छातीशी धरलेल्या. डोळे उघडे. ओठ फाटून पांढरे झालेले. बत्ती तोंडावर पडल्याबरोबर त्यायनं हात जोडले.

"म्या कायले हात नाही लावला," बाबा म्हणाले. आवाज कायचा, नुसती हवा.

जिते होते. माणिकबाई रडत रडत त्यायच्या पायाले हात लावून पाहे, तोंडाले हात लावून पाहे. कुंदननं पाणी आणलं. मी घोट-घोट पाजलं. जरासं पोटात गेल्यावर मी रागावलीच, राहवलं नाही मले. "बाबा, हा कुंदन सकाळी गळा फाडून राह्यला होता, भिंत ठोकून राह्यला होता. तुमी ओ कावून नाही देली?"

"आयकू आलं," बाबा म्हणाले. "म्हनलं पोलीस असतीन. संपाच्या दिवशी बंद हापिसात मानूस सापडला, तेबी रेकॉर्डच्या खोलीत. कागद इकडचा तिकडं झाला तं माह्या नावावर. पेन्शन बंद करतीन. पेन्शन बंद झालं तं सून घरात ठेवन का मले?"

"अन् रात्री? स्विच तं दारापाशीच होतं."

"लाइट लावला असता तं बाहेरून दिसला असता."

साहेब दारात उभे होते, त्यायनं सारं ऐकलं होतं. त्यायनं खिशातून पेन काढलं अन् विचारलं, "आजोबा, तुम्हाला आत कुणी कोंडलं?"

बाबानं माणिकबाईकडे पाह्यलं. "बाईनं आवाज देला होता साहेब. मलेच झोपीत आयकू नाही आला."

मी मनात म्हटलं, जीव वाचला. तं हे बाई डोळे पुसत म्हणे, "नाही साहेब. मी आवाज देलाच नाही. बाबाची काही चुकी नाही." मी तिले चिमटा काढला, पण बोलून झालं होतं.

साहेबानं पेन तसंच धरलं. कागदावर पहिली ओळ लिहिली असती तं दुसऱ्या ओळीत त्यायलेही लिहावं लागलं असतं, की आत माणूस हाये हे समजल्यावर मी बाहेर फोन कानाले लावून उभा होतो. ते त्यायलेही समजलं. पेन खिशात गेलं.

कुंदन बाबाले ऑटोत घालून डॉक्टरकडे घेऊन गेला. बाकीचे फाटकावर गेले. आत आम्ही तिघंच राह्यलो, साहेब, माणिकबाई अन् मी. साहेबानं स्वतः कपाटातून हजेरीचं मस्टर काढलं, टेबलावर उघडलं, त्याच्यावर पेन ठेवलं.

"माणिकबाई," ते हळू आवाजात म्हणाले, "जे झालं ते मी कुठं लिहीत नाही. ऑफिस आता उघडलंच आहे. तुम्ही सही करा. तुम्ही आज हजर, ऑफिस चालू. तुमची शिफारस मी उद्याच पाठवतो."

खरं सांगतो, मी मनात म्हटलं, कर बाई सही. चुलीत गेला संप. पोट्टीचं पाहा. सारा जिल्हा ज्या तोंडाले भेते त्या माह्या तोंडातून एक शब्द निघाला नाही.

माणिकबाईनं पेन उचललं. मस्टरवर वाकली. तिच्या नावासमोरचा चौकोन तिनं बोटानं शोधला. अन् तशीच थांबली. मंग तिनं पेन मस्टरवर ठेवलं, इतकं हळू की त्याचा आवाज झाला नाही.

"साहेब, बाबानं सारी जिंदगी या हापिसात काढली," ते म्हणाली. "रातभर तहानेनं मरून राह्यले होते, पण भेवानं ओ नाही देली. मले असं म्हातारं नाही व्हायचं."

साहेबानं मस्टर बंद केलं.

"तुमी बाहेर या साहेब," माणिकबाई म्हणाली. "मी कुलूप लावतो."

साहेब बाहेर आले. तिनं मेन स्विच पाडलं, दार ओढलं. पण कुलूप काही कडीत जाईना, तिचे दोन्ही हात लटलट कापत होते. मी पुढं होऊन कडी धरली.

"ताई, लय भेव वाटून राह्यलं वो," ते म्हणाली.

"मलेही," मी म्हटलं, अन् कुलूप लागलं.